पानांच्या मोहरीचा मिश्र वाफा: नवशिक्यांसाठी लागवडीचे मार्गदर्शन

मोहरी म्हटली की आपल्याला फोडणी आठवते. तिच्या पानांची भाजी काही घरांत होते खरी, पण मेथी, शेपू किंवा अंबाडी यांना मंडईत जो मान आहे तो तिला मिळालेला नाही. पंजाबात सरसोंचे साग, कुमाऊँ-गढवालात राई, आसामात लाई शाक, अशी हीच पाने हिवाळाभर ताटात असतात आणि नेपाळात ती आंबवून, वाळवून गुंद्रुक म्हणून वर्षभर पुरवली जातात. घरच्या बागेसाठी मात्र हिच्याइतकी सोयीची पालेभाजी शोधून सापडणार नाही, कारण बी तीन ते पाच दिवसांत उगवते, महिनाभरात पहिली कापणी होते आणि जागा वीतभर खोल कुंडीचीही चालते.

बियाण्यांच्या दुकानांत आणि ऑनलाइन आता पानांच्या मोहरीची मिश्र पाकिटे मिळतात. त्यांत सहसा चार-पाच प्रकार असतात: जांभळट रुंद पानांची रेड जायंट, झालरीसारख्या कडांची कुरळी मोहरी, कातरलेल्या पानांची सौम्य मिझुना, चमच्यासारख्या पानांची व जमिनीलगत पसरणारी तात्सोई आणि कधीकधी कोमात्सुना किंवा पाक चोय. पाकिटावरचे चित्र मोहक असते, पण ही सगळी झाडे एका चालीने वाढत नाहीत. मिझुना आणि कोमात्सुना पस्तीस-चाळीस दिवसांत पूर्ण भरतात, तर रेड जायंटला त्याहून आठ-दहा दिवस जास्त लागतात आणि शेवटी तिचे एकेक पान हातभर होते. सगळ्यांना एकाच वाफ्यात पूर्ण वाढू दिले तर उंच प्रकार वर जातात, बुटकी तात्सोई त्यांच्या सावलीत पिवळी पडून कुजते आणि महिन्याअखेरीस मिश्रणातले दोनच प्रकार हाती राहतात.

म्हणून पेरणीपूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते. पाकीट मिश्र असेल तर ते दाट पेरून, पाने बोटभर लांब असतानाच सर्व एकदम कापायची. पूर्ण वाढलेली मोठी पाने हवी असतील तर प्रत्येक प्रकाराचे बी वेगळे घेऊन वेगळ्या ओळीत लावायचे आणि मिश्रण ताटात करायचे. नवख्या माणसाने पहिल्या हंगामात पहिली पद्धत धरावी असे मी सुचवीन, कारण तिच्यात कीड फार शिरायच्या आत पीक हातात येते आणि काही बिघडले तरी नुकसान तीन-चार आठवड्यांचेच असते.

बी कोठून घ्यावे

विकतचे पाकीट महाग वाटले तर सुरुवात स्वयंपाकघरातल्या मोहरीने करता येते. ती ताजी असेल तर उत्तम उगवते. मात्र ती तेलबियांच्या वाणांची असल्याने लवकर फुलावर येते, त्यामुळे तिची पाने कोवळीच घ्यावी लागतात. डब्यातली मोहरी किती जुनी आहे हे ठाऊक नसेल तर वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत आणि तीन-चार दिवसांनी मोजावेत: सोळाच्या वर मोडले तर बी चांगले, दहाच्या खाली असतील तर ती मोहरी फोडणीलाच बरी. कृषी सेवा केंद्रातले शेतीचे बी गुलाबी किंवा निळसर रंगाचे दिसले तर त्यावर बुरशीनाशक चोळलेले असते. ते पेरायला हरकत नाही, पण त्याचे मोड किंवा आठवड्याभराचे कोंब खाऊ नयेत.

हंगाम आणि ऊन

पानांची मोहरी थंडीची भाजी आहे. दिवसाचे तापमान तीस अंशांच्या आत आणि रात्रीचे त्याहून बरेच खाली असले की पाने रुंद, रसदार व बेताची तिखट होतात. ऊन तापू लागले आणि दिवस मोठे होऊ लागले की झाड पाने सोडून फुलाचा दांडा काढते आणि पानांना झणका येतो. पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात आणि विदर्भात पहिली पेरणी दसऱ्याच्या आसपास व शेवटची संक्रांतीपर्यंत करावी. मुंबई आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरचा उकाडा सरेपर्यंत, म्हणजे दिवाळी होईपर्यंत थांबलेले बरे. पावसाळ्यात हिच्या नादी लागू नये: सततच्या पावसात रोपे बुडाशी कुजून आडवी होतात आणि उभी राहिलेली झाडे किडीला जातात. उन्हाळ्यात हौस असेलच तर घरात ताटलीत मोड पेरून आठ-दहा दिवसांचे कोंब खावेत. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांनी हाच हिशेब वसंताचा आरंभ आणि शरद असा दोनदा मांडावा. तिथला भर उन्हाळा या भाजीला आपल्या फेब्रुवारी-मार्चइतकाच नकोसा असतो.

रोज चार ते सहा तास ऊन पुरते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येते आणि उत्तरेच्या गॅलरीत अजिबात येत नाही. उन्हाळ्यात पाहून ठेवलेली जागा हिवाळ्यासाठी धरू नये. ऑक्टोबरमधल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी ऊन कुठून कुठे सरकते ते पुन्हा पाहावे. गच्चीवर कुंड्या थेट लादीवर न ठेवता विटांवर ठेवाव्यात, म्हणजे पाणी वाहून जाते आणि स्लॅबला ओल धरत नाही.

माती

मोहरीची मुळे कोवळ्या कापणीसाठी फार खोल जात नाहीत. पंधरा ते वीस सेंटिमीटर खोलीचा क्रेट, ग्रो बॅग किंवा तळाला भोके पाडलेला थर्माकोलचा खोका पुरतो. रेड जायंटसारखी मोठी झाडे पूर्ण वाढवायची असतील तर पंचवीस-तीस सेंटिमीटर खोली द्यावी. कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) हे मिश्रण चांगले चालते. कोकोपीट धुण्याचा कंटाळा करू नये, त्यात क्षार असू शकतात. शेण ताजे कधीही घालू नये. त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे जळतात आणि हुमणीची अळीही त्यातूनच येते.

परसात जमीन असेल तर तिच्या जातीप्रमाणे वागावे. देशावरची काळी माती पाणी धरते आणि सुकली की भेगाळते, म्हणून तिथे सपाट वाफ्याऐवजी वीतभर उंचीचा गादीवाफा करावा व त्यात भरपूर कंपोस्ट मिसळावे. कोकणातली जांभ्याची माती निचऱ्याची, पण आम्लधर्मी आणि भुकेली असते. तिला शेणखताबरोबर चाळलेली लाकडाची राख थोडी, दर चौरस मीटरला दोन मुठींहून अधिक नाही, इतकी द्यावी. काळ्या मातीत राख घालू नये, कारण ती बहुधा आधीच विम्लधर्मी असते. दोन्हीकडे चौरस मीटरला साधारण तीन किलो कुजलेले शेणखत पुरते. जिथे गेल्या हंगामात कोबी, फ्लॉवर, नवलकोल किंवा मुळा होता ती जागा यंदा मोहरीला देऊ नये, कारण ही सगळी एकाच कुळातली असून त्यांच्या किडी आणि रोगही सामाईक आहेत. मेथी, वाटाणा, घेवडा यांच्या मागे मोहरी छान येते.

पेरणी

आदल्या दिवशी वाफा भिजवून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी माती वाफशावर आली की, म्हणजे मुठीत दाबली तर गोळा होतो पण हाताला चिकटत नाही अशी झाली की, पेरणी करावी. मोहरीचे दाणे इतके बारीक असतात की चिमटीतून ते एकाच जागी सांडतात. यासाठी बी त्याच्या सात-आठपट कोरड्या बारीक वाळूत मिसळून फोकावे: अर्धे मिश्रण वाफ्याच्या लांबीने आणि उरलेले आडव्या दिशेने, म्हणजे कुठे गर्दी आणि कुठे टक्कल असे होत नाही. साठ सेंटिमीटर लांब व पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद क्रेटला पाव छोटा चमचा बी पुष्कळ होते. वरून चाळलेल्या कंपोस्टचा अर्धा सेंटिमीटर थर द्यावा, तळहाताने हलकेच दाबावे आणि बारीक भोकांच्या झारीने पाणी द्यावे. नळीच्या धारेने पाणी दिले तर बी वाहून एका कोपऱ्यात जमते आणि मग रोपे तिथेच उगवतात.

ओळीने लावायचे असेल तर ओळींत वीस सेंटिमीटर अंतर ठेवावे. विरळणीनंतर, म्हणजे दाटीतली जादा रोपे काढल्यावर, मिझुना आणि तात्सोईच्या दोन झाडांत पंधरा सेंटिमीटर, तर रेड जायंट आणि कुरळ्या मोहरीत पंचवीस ते तीस सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. पाकीट सगळे एकदम संपवू नये. एका कुटुंबाला एका वेळी दोन क्रेटहून जास्त पाला संपवणे जड जाते. त्याऐवजी दर बारा-पंधरा दिवसांनी एकेक क्रेट पेरत गेल्यास फेब्रुवारीपर्यंत कोवळी पाने मिळत राहतात. उरलेले पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या, थंड जागी ठेवावे.

विरळणी आणि पाणी

रोपांना दोन खरी पाने फुटली की विरळणी करावी. आधी दिसणारी बदामी आकाराची जोडी ही बीजपत्रे असतात, ती धरायची नाहीत. नवशिक्याला रोपे उपटताना वाईट वाटते, पण गर्दीतली रोपे लांबट, पांढुरक्या देठांची होतात आणि दमट हवेत बुडाशी कुजून मरतात. उपटल्याने शेजारच्या रोपाची मुळे हलतात, म्हणून नको असलेली रोपे छोट्या कात्रीने मातीलगत छाटावीत. दाट फोकलेल्या वाफ्यात दोन रोपांत दोन-अडीच सेंटिमीटर राहिले तरी पुरे. छाटलेली रोपे टाकू नयेत. कोशिंबिरीत किंवा वरणावर ती छान लागतात.

माती सतत ओलसर पण चिखल नाही, अशी राखावी. बोट एका पेरापर्यंत मातीत घालून पाहावे आणि कोरडे लागले तरच पाणी द्यावे. कुंडी एकदा कडक सुकली आणि मग भरपूर पाणी मिळाले, असे दोन-तीनदा झाले की झाड ताणावर येते, पाने जास्त तिखट होतात आणि फुलाचा दांडा लवकर निघतो. पाणी सकाळी, शक्यतो बुडाशी घालावे. संध्याकाळी पानांवर पडलेले पाणी थंडीत रात्रभर तसेच राहते आणि बुरशीला आमंत्रण देते. रोपे चार बोटे झाली की मातीवर वाळलेल्या पाल्याचे किंवा उसाच्या पाचटाचे बारीक आच्छादन घातले तर पाणी निम्म्या वेळाच द्यावे लागते आणि तणही कमी उगवते.

खताची घाई नको. मातीत कंपोस्ट पुरेसे असेल तर पहिल्या कापणीपर्यंत काही घालावे लागत नाही. कापणीनंतर ओंजळभर गांडूळखत वाफ्यावर पसरून हलके खुरपावे, किंवा शंभर ग्रॅम शेंगदाण्याची पेंड लिटरभर पाण्यात तीन दिवस भिजवून, गाळून, दहापट पाणी घालून द्यावी. या पाण्याला उग्र वास येतो, तेव्हा शेजारच्यांची गॅलरी लागून असेल तर गांडूळखतच बरे. नत्र जास्त झाले की पाने गडद, लुसलुशीत दिसतात आणि मावा त्यांच्यावरच आधी बसतो.

कीड: इथे थोडे थांबावे लागते

मोहरी किडींना फार आवडते. इतकी, की कोबीच्या शेतात चौकोनी ठिपक्याच्या पतंगाला चकवण्यासाठी कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी सापळा पीक म्हणून लावण्याची शिफारस शेतकऱ्यांना केली जाते. घरच्या बागेत मोहरी हेच मुख्य पीक असल्याने हा गुण आपल्या विरुद्ध जातो, आणि त्यावरचा सर्वात सोपा उपाय औषध नसून जाळी हा आहे. पानांसाठी लावलेल्या मोहरीला परागीभवनाची गरज नसते, त्यामुळे पेरणीच्या दिवशीच वाफ्यावर तारेच्या कमानी रोवून चाळीस मेशची कीटकरोधक जाळी टाकली आणि कडा विटांनी दाबल्या, तर ती शेवटच्या कापणीपर्यंत काढावी लागत नाही. आधीच कीड शिरल्यावर जाळी टाकली तर मात्र कीड आत सुरक्षित आणि तिला खाणारे ढालकिडे बाहेर, असा उलटा प्रकार होतो.

जाळी नसेल तर रोज सकाळी दोन मिनिटे पानांची खालची बाजू पाहावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोवळ्या रोपांवर काळपट हिरव्या अळ्या दिसतात; हात लावताच त्या वेटोळे करून खाली पडतात आणि मेल्याचे सोंग घेतात. या करवती माशीच्या अळ्या असून त्या सकाळी आणि संध्याकाळी खातात व दुपारी मातीत दडतात, म्हणून दुपारी शोधून काही सापडत नाही. सकाळीच पानाखाली साबणाच्या पाण्याची वाटी धरून पान हलवावे, अळ्या आपणहून वाटीत पडतात. पानांवर सुईने टोचल्यासारखी असंख्य भोके दिसली आणि जवळ जाताच चमकदार ठिपके उड्या मारताना दिसले तर ते पिसू भुंगेरे समजावेत. ते कोरड्या, तापलेल्या मातीत फोफावतात, त्यामुळे ओल आणि आच्छादन सांभाळले की त्यांचा जोर ओसरतो. अशी भोके पडलेली पाने शिजवून खायला काहीच हरकत नाही.

मावा डिसेंबरनंतर, विशेषतः ढगाळ हवेत, वाढतो. तो शेंड्याच्या गाभ्यात आणि पानांच्या मागे दाटीने बसतो व पाने आक्रसतात. थोडा असेल तर पाण्याच्या जोरकस फवाऱ्याने धुऊन काढावा आणि हे तीन-चार दिवस रोज करावे. जास्त असेल तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुलिंबाचे तेल आणि एक-दोन मिलिलिटर द्रव साबण घुसळून संध्याकाळी फवारावे व त्यानंतर आठवडाभर पाने तोडू नयेत. गाभाच भरला असेल तर ते झाड उपटून लांब टाकणे शहाणपणाचे. महिनाभरात खायच्या भाजीवर रासायनिक कीटकनाशक मारण्यात काही अर्थ नाही.

रोगांपैकी पांढरा तांबेरा ओळखता आला पाहिजे: पानाच्या खालच्या बाजूला खडूच्या भुकटीसारखे फुगीर पांढरे फोड आणि वर त्याच जागी पिवळे डाग. तशी पाने लगेच तोडून कचऱ्यात टाकावीत, कंपोस्टमध्ये नव्हे, आणि पानांवर पाणी घालणे बंद करावे.

कापणी

दाट पेरलेल्या मिश्र वाफ्याची पहिली कापणी पेरणीनंतर तीन ते चार आठवड्यांनी, पाने आठ ते बारा सेंटिमीटर उंच असताना करावी. मूठभर पाने धरून धारदार कात्रीने मातीपासून तीन-चार सेंटिमीटर वर कापावे, म्हणजे मधला वाढीचा कोंब शाबूत राहतो आणि बारा-पंधरा दिवसांत पुन्हा पाने येतात. जमिनीलगत कापले तर पीक तिथेच संपते. अशा दोन, फार तर तीन कापण्या मिळतात. त्यापुढे पाने चिवट होतात आणि वाफा नव्या पेरणीला मोकळा करणे फायद्याचे ठरते. ओळीत वाढवलेल्या मोठ्या झाडांची बाहेरची दोन-तीन पाने आठवड्यातून एकदा तोडावीत आणि मधली चार-पाच नेहमी ठेवावीत.

पाने सकाळी, ऊन चढण्यापूर्वी तोडावीत, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून धुवावीत आणि निथळून ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावीत. चार-पाच दिवस ती टवटवीत राहतात. पान चिरले किंवा चावले की त्यातले एक विकर (एन्झाइम) जागे होऊन मोहरीचा नाकात जाणारा झणका तयार करते, आणि उकळत्या पाण्याने हे विकर निकामी होते. यावरून स्वयंपाकाचे गणित मांडता येते: झणका हवा तर कोवळी पाने कच्चीच दाण्याचे कूट व दही घालून, नको तर मोठी पाने मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून मग लसणाच्या फोडणीवर. निम्मा पालक घालून ताकातली पातळ भाजी केली तर मुलेही खातात. या पानांत के जीवनसत्त्व भरपूर असते, म्हणून वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्यांनी ही भाजी एकदम वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

फुले आणि पुढच्या वर्षीचे बी

फेब्रुवारीत मधून दांडा निघाला की पानांचा हंगाम संपला असे समजावे. कोवळा दांडा कळ्यांसकट परतून खाता येतो. बी धरायचे असेल तर मिश्र वाफ्याची एक अडचण असते. रेड जायंट आणि कुरळी मोहरी या आपल्या राईच्याच जातीच्या आहेत, तर मिझुना, तात्सोई, पाक चोय आणि कोमात्सुना या सलगमच्या जातीच्या. नागाहारू यू या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली दाखवून दिले की राई ही मुळात सलगमची जात आणि काळी मोहरी यांच्या संकरातून झालेली आहे. दोघी नात्यातल्या असल्या तरी त्यांच्यात सहज संकर होत नाही. एकाच जातीतले प्रकार मात्र मधमाश्यांमुळे आपापसांत मिसळतात: मिझुना आणि तात्सोई शेजारी फुलल्या तर पुढच्या वर्षी दोहोंपैकी धड एकही उगवणार नाही. म्हणून दोन्ही जातींतला एकेकच प्रकार फुलू द्यावा आणि बाकीच्यांचे दांडे खुडून खावेत.

राईच्या जातीचे एखाद-दुसरे झाडही स्वतःच्या परागावर शेंगा धरते. मिझुना-तात्सोईला मात्र परका पराग लागतो, त्यामुळे त्याच प्रकाराची निदान पाच-सहा झाडे एकत्र ठेवावीत. जाळी या वेळी काढून टाकावी. सर्वात उशिरा फुलणाऱ्या झाडाचेच बी धरावे, कारण लवकर फुलणाऱ्याचे धरत गेल्यास दरवर्षी पानांचा हंगाम आखूड होत जातो. खालच्या शेंगा पिवळसर होऊन आतले दाणे रंगले की सकाळच्या दवात संपूर्ण दांडा कापावा. दुपारी हात लावला तर शेंगा तडकून बी मातीत जाते. दांडे कागदी पिशवीत उलटे घालून आठवडाभर सावलीत टांगावेत, मग पिशवीवरूनच चोळून, पाखडून, दोन दिवस पुन्हा वाळवून बी बाटलीत भरावे आणि बाटलीवर प्रकाराचे नाव व वर्ष लिहावे.